बरणीतली बाळी

खंडेरावच्या गल्ल्यामागं, देवाच्या फोटोखाली, एक काचेची बरणी होती. मूळची लोणच्याची. तिच्यावर त्यानं कागद डकवून लिहिलं होतं, 'पाहुण्यांच्या भेटी'. आत काय काय होतं म्हणता? अर्धं ब्लेड, केसाची पिन, शर्टाचं बटण, हिरव्या बांगडीचा तुकडा, सुतळीचं टोक आणि एक झुरळ, वाळून कडक झालेलं. पुंडलिकनगरातल्या त्याच्या खानावळीत 'ताटात निघालं' म्हणून गिऱ्हाइकांनी जे जे दाखवलं, ते सगळं त्यानं जपून ठेवलं होतं. आणि त्यातलं एकही आपल्या चुलीवरनं आलेलं नाही, याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल होती.

माणूस जन्मतः असा नव्हता हो. मागल्या वर्षी दोन पोरं आली, पोटभर जेवली, आणि उठायच्या वेळी रश्श्यात झुरळ निघालं म्हणून मोबाइलवर शूटिंग करायला लागली. ते शूटिंग गावभर फिरलं. दोन महिने खंडेराव रिकाम्या बाकड्यांकडं बघत बसला, घास घशाखाली उतरंना. पुढं तीच पोरं उस्मानपुऱ्यात एका हॉटेलात सापडली. एकाच्या खिशात काडेपेटी, काडेपेटीत तीन झुरळं. मग हॉटेलवाल्यांनी मिळून मोबाइलवर ग्रुप काढला, 'सावध हॉटेल' नावाचा. गडबड करणारं गिऱ्हाईक दिसलं की त्याचा फोटो त्यावर टाकायचा, म्हणजे बाकीचे सावध. खंडेराव त्या ग्रुपात सगळ्यात पुढं.

आता त्याला नजर आली होती म्हणे. त्याची एक कसोटी होती, ती तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. "रश्श्यात शिजलेल्या वस्तूला रस्सा चढतो. हळद धरती, तेल धरतंय. वरनं टाकलेली वस्तू कोरीच राहती." आणि कुणी काही सांगायला लागलं की त्याचा एकच सवाल, "कशावरून?" गॅसवाला म्हणाला टाकी भरलेली आहे, कशावरून? पोरगी तनुजा म्हणाली शाळेला उद्या सुट्टी आहे, कशावरून? बायको बानाबाईनं तर सांगणंच सोडून दिलं होतं. ती आपली भाकरी थापायची आणि गप राहायची.

गिऱ्हाईक सोडा, हा गडी सख्ख्या भावाला सोडंना. मटणाचं जनावर तो बाजारातनं घ्यायचा नाही. चितेगावच्या पुढं त्याचं गाव. तिथं थोरला भाऊ सोनाजी शेरडं-मेंढरं राखायचा, आणि म्हातारी आई, सरूबाई, त्याच्याजवळ राहायची. आठवड्याला लागतील तेवढे बोकड सोनाजी टेंपोत घालून धाडायचा. त्या आठवड्यात सोनाजी आणि आई बीडकडं लग्नाला गेलेले. रविवारला एक बोकड कमी पडत होता, म्हणून शुक्रवारी सकाळी खंडेराव स्वतःच गावी गेला.

वाड्यावर राखणीला कचरू म्हातारा होता. बाकी शेरडं रानात गेलेली, आणि कोपऱ्यात एकच बोकड बांधलेला. काळाभोर, लांब कानांचा, अंग नुसतं मुसमुसलेलं. पुढ्यात मक्याचा हिरवागार चारा. खंडेरावच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपल्याला धाडतो ते पोट पाठीला लागलेले, आणि हा असा वेगळा बांधून पोसतो?

"हा नेतो," तो म्हणाला.

"तो ऱ्हाऊ द्या भाऊ. तो द्यायचा नाय."

"का?"

"मला काय ठावं. म्हातारी बोलली, त्याला हात लावायचा नाय."

"दादानं बोलायला लावलं असंल तिला," खंडेराव म्हणाला. "पैठणच्या खाटकाला द्यायचा असंल चढ्या भावानं. मला काय कळत नाय व्हय?"

कचरूनं दोनदा आडवा हात घातला, पण मालकाच्या भावापुढं त्याचं काय चालणार. खंडेरावनं बोकडाची पाठ दाबून बघितली, दात बघितले आणि त्याला टेंपोत चढवलं. धनगराचं पोर जनावराचा आधी कान बघतं. कुणाचं आहे, कशाचं आहे, ते कानावर लिहिलेलं असतं. पण पंधरा वर्षं शहरात काढल्यावर माणसाला वजनच तेवढं दिसतं. परतीच्या रस्त्यावर तो स्वतःवर लई खूश होता. भावाची चोरी पकडली होती ना.

रविवारी त्याच्याकडं मुंडी असायची. निखाऱ्यावर भाजून, खरवडून, कातड्याकानासकट तुकडे करून केलेला काळा रस्सा. त्यासाठी लोक लांबनं यायचे. पुंजाराम आचारी मुंडी भाजायचा आणि बानाबाई फोडणी घालायची.

दिपाली मॅडम दर रविवारी दीडच्या ठोक्याला यायची. मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहायची आणि सोळा पोरांची शिकवणी घ्यायची. त्या शिकवणीवर तिचं सगळं चालायचं, खोलीचं भाडं आणि गावी आईचं औषधसुद्धा. भिंतीकडची जागा, एक मुंडी, दोन भाकरी, असा तिचा तीन वर्षांचा नेम होता. त्या दिवशी तिनं चार घास खाल्ले, मधेच गालावर हात धरला, तोंडातनं काहीतरी काढलं आणि उठून गल्ल्यापाशी आली.

"खंडेरावभाऊ, हे दाढेखाली आलं," ती हळूच म्हणाली. "मला फार लागलं नाही. पण आत बघून घ्या, आणखी काही पडलं असेल."

खंडेरावनं ती वस्तू फडक्यानं पुसली. पितळी तारेची पीळ दिलेली बाळी होती, करंगळीच्या नखाएवढी. ना हळद, ना लाली. लख्ख. त्यानं मान डोलावली. आणि बाई हळू बोलत होती, हे तर त्याला आणखीच खटकलं. आरडाओरडा करणारा कच्चा असतो, हळू बोलणारा पक्का, असं त्याचं गणित होतं.

"कोरी हाय," तो मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "मॅडम, ही कानातली बाळी हाय."

"हो ना. म्हणूनच म्हणते, आत कुणाची पडली का बघा."

"बाने, बाहेर ये. कान दाखव." बानाबाई पिठाच्या हातानं दारात आली. तिच्या दोन्ही कानांत फुलं होती. "पुंजाराम, तू बाळ्या घालतोस का रं?" लोक हसले. "झालं. आता ऱ्हायले तुमचेच कान."

दिपालीनं केस मागं सारले. दोन्ही कानांत मोत्याचे खडे जागच्या जागी होते.

"तिसरी पर्समधी असंल," खंडेराव म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. "भाऊ, मी कशाला असं करीन?"

"केलं नाय कशावरून?"

आता सगळी खानावळ जेवायची थांबली होती. दिपालीनं इकडंतिकडं बघितलं. तिसऱ्या टेबलावर तिच्या एका विद्यार्थिनीचे आईबाप बसले होते. "मला फुकट जेवण नको, काही नको," ती म्हणाली. "माझ्या ताटात निघाली, एवढंच म्हणा. मी जाते."

"तेवढंच नाय म्हणणार."

तिनं जेवणाचे पूर्ण पैसे गल्ल्यावर ठेवले आणि निघून गेली. दुसरा कुणी असता तर इथं वरमला असता. खंडेराव बानाबाईला म्हणाला, "बघितलंस? पैसे देऊन साव बनती. समोरच्या नव्या हॉटेलवाल्यानं धाडलेली दिसती."

"तीन वर्षं येती ओ ती," बानाबाई म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या तोंडात गेली असती तर किती तमाशा केला असता."

"तीन वर्षं येती म्हंजी खरी, कशावरून?"

संध्याकाळी त्यानं खानावळीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावून बघितलं. बाई जेवतेय, केस पुढं आलेत, हात तोंडाकडं जातोय. मुठीत काय आहे ते दिसत नव्हतं. खंडेरावला मात्र दिसलं. त्यानं तो तुकडा ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सावधान. ही बाई ताटात बाळी टाकून मालकाला बदनाम करते. पुंडलिकनगर.' शाबासकीचे अंगठे धडाधड आले. बाळी बरणीत गेली, झुरळाच्या वर.

ग्रुपवरनं ते चित्र कॉलनीतल्या आयाबायांपर्यंत जायला एक दिवस लागला. मंगळवारी बानाबाई दळण घेऊन आली ती तोंड पाडूनच. "दिपाली मॅडमची सात पोरं काढून घेतली लोकांनी," ती म्हणाली. "पोरांना काय शिकवील असली बाई, म्हणत्यात. घरमालक बी खोली सोडा म्हणाला तिला."

"मग? मी टाकाया लावली व्हती का बाळी?"

"तिनं टाकली नाय, वाटतंय मला."

"कशावरून?"

बानाबाईनं जात्याकडं बघावं तसं नवऱ्याकडं बघितलं आणि आत गेली. बुधवारी बातमी आली की आता पाचच पोरं राहिलीत. खंडेरावला जरा कसंतरी झालं, नाही असं नाही. पण त्यानं बरणीकडं बघितलं आणि मन घट्ट केलं. बाळी कोरी होती. कसोटी ती कसोटी.

त्याच बुधवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, सरूबाई दारात उभी राहिली. लग्नावरनं आदल्या संध्याकाळी घरी आली होती, सकाळी एस.टी. धरून इकडं. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, पायांवर धूळ. आत येऊन बसायच्या आधीच तिनं विचारलं, "माझा बोकड कुठंय?"

खंडेराव तयारच होता. "ये माय, बस. दादानं धाडलं ना तुला? त्याला म्हणावं, मला समदं कळतंय. चांगला माल वेगळा बांधायचा, आन् भावाला–"

"कापला का?"

"रविवारीच."

म्हातारी बाकड्यावर बसली. बानाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

"देवाचा व्हता रं तो," ती म्हणाली. "बिरोबाचा. पुढल्या जत्रेला वाहायचा व्हता."

"मला कोण बोललं?"

"नवस फेडस्तवर बोलायचा नसतो, हे काय तुला ठावं नाय? कचरूला नाय सांगितलं, तुला कसं सांगू? सोन्याला तेवढं म्हाईत, चारा त्यो घालायचा म्हणून."

खंडेराव गल्ल्याला टेकला. देवाचं जनावर आपण कापलं, ताटात वाढलं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात हळूहळू उतरत होती. भाऊ चोर नव्हता, हे तिच्या मागोमाग उतरलं.

"कसला नवस व्हता, माय?"

"तुझाच की. त्या झुरळाच्या पायी दोन म्हैने तू धड जेवला नाय. म्या बिरोबाला बोलले, माझ्या लेकाच्या खानावळीवर पुन्हा खोटा आळ येऊ देऊ नको, तुला काळा बोकड वाहीन." तिनं पदरानं तोंड पुसलं. "झालं ते झालं. देवाला काय सांगायचं ते मी सांगन. त्याच्या कानात माझी बाळी व्हती, ती तेवढी दे. मुंडी भाजणाऱ्यानं काढून ठिवली असंल."

बानाबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. खंडेराव आईकडं बघत राहिला. तिनं तोंड पुसताना पदर मागं सरकला होता. डाव्या कानात पीळ दिलेली पितळी बाळी होती. उजवा कान मोकळा, नुसतं भोक. जगाच्या ताटातलं केसाएवढं काय ते हुडकणाऱ्या माणसाला आईचा कान इतक्या महिन्यांत दिसला नव्हता.

"कानात… कुठं घातली व्हती?" त्यानं विचारलं.

"मुळाशी. केसात. नवसाच्या जनावराला नवस बोलणारणीनं आपल्या अंगावरचं काय तरी घालायचं असतंय. माझ्याजवळ दुसरं काय व्हतं?"

खंडेरावनं बरणी खाली घेतली. झाकण उघडंना, म्हणून ती गल्ल्यावरच आपटून फोडली. बाळी घरंगळत आईसमोर जाऊन पडली. तिनं ती उचलली, पदराला पुसली आणि ओळखीनं फिरवून बघितली.

"ही या कचऱ्यात कशी?"

खंडेरावनं बायकोकडं बघितलं. बानाबाईनं सगळं सांगितलं. मॅडमची दाढ, 'कान दाखव', लोकांचं हसणं, ग्रुप, अकरा पोरं गेली ते. म्हातारीनं बाळी मुठीत धरली. मग म्हणाली, "म्हंजी ती पोरगी खरं बोलत व्हती."

"व्हय," बानाबाई म्हणाली.

"तुझ्यावर आळ येऊ नये म्हणून मागितलं म्या," सरूबाई लेकाला म्हणाली. "तूच दुसऱ्यावर घालशील, हे मला काय ठावं."

खंडेरावची मान वर होईना. समोर गल्ल्यावर पाहुण्यांच्या भेटी पसरल्या होत्या. पितळेला हळद चढत नाही, एवढी साधी गोष्ट कसोटी करणाऱ्याला सुचली नव्हती. काचेला तरी कुठं चढते? त्यानं हिरव्या बांगडीचा तुकडा उचलला. पाण्याच्या खात्यातल्या एका साहेबाच्या भाकरीत निघाला होता तो, पाच-सहा महिन्यांपूर्वी. त्यालाही खंडेरावनं असाच हाकलला होता. आता त्यानं बायकोच्या हातांकडं बघितलं. मनगटावर पितळेच्या दोन-दोन बांगड्या होत्या.

"काचेच्या कधीपासनं भरत नाय तू?"

"तवापासनं," बानाबाई म्हणाली. "थापताना फुटली व्हती. म्या सांगाया आले व्हते तुमाला. तुमी म्हणलात, कशावरून."

खंडेरावनं तुकडा गल्ल्यावर ठेवला. वहाणा घातल्या, आईला म्हणाला, "माय, संगं चल." बाळी तिच्याच मुठीत होती.

शिकवणी पाचची. दिपालीच्या दाराबाहेर चपलांचे पाच जोड होते, आणि बाकीची पायरी रिकामी. खंडेरावनं हाक मारली तशी ती बाहेर आली. त्याला बघून तिनं मागं दार ओढून घेतलं, आतल्या पोरांनी ऐकू नये म्हणून.

त्यानं हात जोडून सगळं सांगितलं. बोकड, नवस, मुंडी, बाळी. कधी नव्हे ते एकही गोष्ट आडपडद्यात ठेवली नाही. दिपालीनं पुरतं ऐकून घेतलं. चार दिवसांत तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं.

"कशावरून?" ती म्हणाली.

खंडेराव तिच्याकडं बघतच राहिला.

"हे खरं कशावरून, भाऊ? कुणीतरी तक्रारीची भीती घातली असेल तुम्हाला. म्हणून गोष्ट रचलीत, आणि एक म्हातारी बाई उभी केलीत."

तिचं काही चुकत नव्हतं. त्याच्या जागी तो असता तर हेच म्हणाला असता, आणि चार माणसांत म्हणाला असता. तेव्हा सरूबाई पुढं झाली. तिनं पदर मागं घेतला, डावा कान दाखवला, उजवा कान दाखवला आणि मूठ उघडली. दिपालीनं वाकून तळहातावरची बाळी बघितली, मग कानातली बघितली. दोन्हींचा पीळ एकाच हातानं घातलेला होता.

"माझ्या लेकानं चुकी केली, बाई," सरूबाई म्हणाली. "तुझ्या दाढंला लई लागलं का?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. दिपालीचे डोळे भरून आले. "आजी, तुम्ही आत येऊन बसा," ती म्हणाली. मग खंडेरावकडं वळली. "तुम्ही मला सांगून काय उपयोग? जिथं बोललात तिथं सांगा."

त्या दोघी आत गेल्या. खंडेराव पायरीवर बसला. त्यानं मोबाइल काढून ग्रुपवर लिहिलं, 'बाळी माझ्याच रश्श्यातली होती. मॅडम खरं बोलल्या. मी खोटा ठरलो. ज्यांनी ज्यांनी पुढं पाठवलं त्यांनी हेसुद्धा पाठवा.' खाली नाव घातलं. आणि वाट बघत बसला.

पहिला निरोप आला, 'खंडेराव, दबाव आलाय का? घाबरू नको, आम्ही पाठीशी आहोत.' दुसरा आला, 'मोबाइल त्या बाईच्या हातात गेलेला दिसतोय. कुणी विश्वास ठेवू नका.' त्याला अंगठे धडाधड आले. खंडेरावनं उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. या ग्रुपाला असं वागायला कुणी शिकवलं होतं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

आतनं पोरांचा पाढे म्हणायचा आवाज येत होता. पाचच पोरांचा, त्यामुळं पातळ. चपलांच्या त्या पाच जोडांशेजारी आता त्याच्या आईच्या वहाणा होत्या. ग्रुपात एकशे अडतीस जण होते. त्यानं यादी उघडली आणि पहिल्या नावाला फोन लावला.

"बोल भाऊ," पलीकडनं आवाज आला.

"त्या बाळीचं सांगायचं व्हतं," खंडेराव म्हणाला. "ती बाई खरी हाय. मी चुकलो."

पलीकडचा हसला आणि म्हणाला, "कशावरून?"